गायरानावरचे नऊ झेंडे: डबा आणि पाण्याच्या नोंदी

२३ मार्च २०२६

वही आजपासून सुरू.

आमचं गाव यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. तीन बाजूंनी केळी आणि चौथ्या बाजूला गायरान. त्या गायरानावर दोन वर्षांपासून पोरं गोल्फ खेळतात. माझा धाकटा भाऊ पुण्यात बरीच वर्षं कॅडी, म्हणजे गोल्फ खेळणाऱ्याची बॅग उचलणारा, होता. गावी परतताना त्यानं जुन्या क्लबांची (चेंडू मारायच्या काठ्यांची) दोन पोती आणली, तिथून हे सुरू झालं. नऊ झेंडे रोवलेत, एक झेंडा म्हणजे एक होल. हिरवळ इथे टिकायची नाही, म्हणून झेंड्याभोवती वाळूचे 'ब्राऊन' केलेत. कोरड्या मुलखात पूर्वी वाळूत तेल कालवून असे ब्राऊन करत. आम्ही तेल घालत नाही, रोज पाणी मारून धुमसानं बसवतो.

सहा पोरं नियमित येतात, अकरा ते पंधरा वयाची. नावं लिहीत नाही. मुलगे क, ख, ग आणि मुली च, छ, ज. १२ मे रोजी पुण्याच्या एका कोर्सवर, म्हणजे गोल्फच्या मैदानावर, त्यांना पूर्ण १८ होल खेळायला मिळणार आहेत, भावाच्या ओळखीनं. चालत खेळलं तर १८ होलांना चार ते पाच तास लागतात आणि आठ-दहा किलोमीटर पाय झिजतात, तेही खांद्यावर बॅग घेऊन. आमची पोरं नवाच्या पुढे कधी गेलेली नाहीत.

आणि त्या नवातही एक गोष्ट मला महिनाभर खुपते आहे. सहाव्या झेंड्यापर्यंत डोळे निववील असा खेळ, आणि सातव्यापासून चेंडू भलतीकडे. भाऊ म्हणतो, लक्ष उडतं. मला वाटतं पोटात काही नसतं. खरं काय ते सात आठवड्यांत शोधायचं, एवढाच हा प्रकल्प.

२६ मार्च

सकाळी सव्वासहाला प्रत्येकाला विचारलं, काय खाऊन आलात? क आणि ख चहा-टोस्ट. ग नुसता चहा. च काही नाही. छ रात्रीच्या भाकरीचा चतकोर. ज चहा.

माझा संशय खरा निघाला असं वाटून मी निम्मं वाक्य लिहून टाकलं होतं. खोडतो. अजून एकच दिवस पाहिलाय.

तरी एक लिहून ठेवतो. रात्रभराच्या उपाशी पोटी यकृतातला साखरेचा साठा बराचसा उतरलेला असतो. त्यावर अडीच तास चालायचं आणि दर वेळी दीडशे पावलांवरचा झेंडा नजरेनं मापायचा. या खेळात दम कमी लागतो, नजर आणि हिशोब जास्त लागतो, आणि मेंदूला साखर लागते. सहाच्या सरावाला चारला उठून जेवा असं कुणाला सांगता येत नाही. तेव्हा रात्रीचं जेवण नीट, आणि सकाळी निघण्याआधी अर्धा तास हातात मावेल तेवढं काहीतरी: एक केळं, किंवा गूळ-तूप लावलेली अर्धी भाकरी. उद्यापासून सगळ्यांना हेच.

३० मार्च

धान्याच्या आडत्याकडून इलेक्ट्रॉनिक काटा मागून आणला. दहा ग्रॅमपर्यंत दाखवतो. सरावाआधी वजन, सरावानंतर घाम पुसून, चपला काढून, त्याच कपड्यांत पुन्हा वजन. मधल्या वेळेत प्यायलेलं पाणी बाटलीवरच्या खुणेनं मोजायचं. घटलेला एक किलो म्हणजे ढोबळमानानं एक लिटर पाणी.

काट्याचा आकडा मी वहीनं झाकून ठेवतो. कुणाचं वजन किती हे दुसऱ्याला कळता कामा नये, विशेषतः या वयात. ज पहिल्यांदा काट्यावर चढायलाच तयार नव्हती. आकडा फक्त मी बघणार आणि तोही फरकासाठी, असं सांगितल्यावर चढली.

२ एप्रिल

तीन सराव मोजून झाले. आजच्या सरावात तापमापक साडेआठला ३६ अंशांवर होता.

ख: ४६.१० वरून ४५.५५. पाणी ४५० मिली. म्हणजे घाम एक लिटरच्या आसपास, तूट वजनाच्या १.२ टक्के.
च: ४१.३० वरून ४०.४५. पाणी १०० मिली. तूट २ टक्क्यांवर.
छ: ३६.२० वरून ३५.५०. पाणी ५० मिली. तूट १.९ टक्के.

क आणि ग साधारण ख सारखेच. ज ही च सारखी. सकाळचं केळं सहाही जणांच्या पोटात गेलेलं होतं. मुलग्यांचे शेवटचे तीन झेंडे थोडे सुधारलेत. मुलींचे होते तिथेच.

गोल्फपटूंवरच एक छोटा अभ्यास झालेला आहे, २०१२ साली प्रसिद्ध झालेला. कसलेले खेळाडू, शरीरातलं पाणी वजनाच्या दीड टक्क्याच्या आसपास कमी केलेलं. चेंडू कमी लांब गेला, नेम चुकला, आणि अंतराचा अंदाजही बिघडला. या तिसऱ्या गोष्टीपाशी मी थांबलो. च मला गेल्या आठवड्यात म्हणाली होती, "सर, आठवा झेंडा कधी जवळ दिसतो कधी लांब." मी तिला नजर स्थिर ठेवायला सांगितलं होतं.

माझ्याकडे सहाच पोरं आहेत, यावरून सिद्ध काही होत नाही. पण मुलीच इतक्या कमी पाणी का पितात, हा प्रश्न आता डबा बाजूला सारून पुढे आला आहे. विचारलं तर तिघींचं एकच उत्तर: "तहानच नाही लागत."

६ एप्रिल

गायरानाला लागून ज्यांचा पिलबाग (जुन्या केळीच्या पिलांवर वाढवलेली बाग) आहे ते काका रोज एक फणी पाठवतात. पैसे घेत नाहीत. आज त्यांच्याशी बांधावर अर्धा तास चर्चा झाली. त्यांचं म्हणणं, आपल्या जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, सगळा देश आपली केळी खातो, मग पोरांना आणखी कशाला काय पाहिजे? केळ्यात सगळं आहे.

बरंच आहे, हे खरं. शंभर ग्रॅम केळ्यात २३ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं आणि साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम. साल हीच वेष्टन, हात धुवायला नको, खिशात चालतं. खेळताना खायला याहून सोयीचं फळ मला माहीत नाही. पण केळ्यात सोडियम जवळजवळ नाहीच, आणि घामातून मुख्यतः तेच जातं.

काकांना ते पटेना. मी ग ला बोलावलं आणि त्याची निळी टोपी काढून त्यांच्या हातात दिली. टोपीच्या पट्टीवर वेडीवाकडी पांढरी रेघ उमटली होती, वाळलेल्या ओढ्याच्या काठावर क्षार फुटतात तशी. काकांनी नखानं खरवडून जिभेला लावली. "मीठ आहे," म्हणाले. मग थोडा वेळ गप्प. संध्याकाळी त्यांच्या घरून खारे शेंगदाणे आले, दीड किलो.

९ एप्रिल

सरबताचे प्रयोग. पहिलं फार खारट झालं, क नं तोंड वाकडं करून ओतून दिलं. दुसरं गोड झालं, पिऊन तहान वाढते म्हणाले. तिसरं जमलं:

एक लिटर गार पाणी (माठातलं), ४० ग्रॅम साखर म्हणजे सपाट दहा छोटे चमचे, पाव छोटा चमचा मीठ म्हणजे दीड ग्रॅमच्या आसपास, दोन लिंबं. कैरी आहे तोवर लिंबाऐवजी उकडलेल्या कैरीचा गर. पन्ह्याला पोरं आधी हात घालतात हे लक्षात आलंय.

हे खेळाचं सरबत आहे. जुलाबात द्यायच्या ओआरएसचं सूत्र वेगळं: लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. आईबापांनी एकाच्या जागी दुसरं वापरू नये म्हणून दोन्ही वेगवेगळ्या कागदांवर लिहून दिली.

प्यायचं कसं, हेही आज कळलं. ख नं पाणी कमी पडू नये म्हणून सुरुवातीलाच दीड लिटर घटाघट ढोसलं. दुसऱ्या झेंड्यापाशी पोट डचमळायला लागलं, तिसऱ्यावर उलटी. एका दमात साधं पाणी फार झालं तर रक्तातलं सोडियम पातळ होऊन जिवावरही बेतू शकतं. आता नियम असा की प्रत्येक झेंड्यावर चेंडू काढून झाला की चार-पाच घोट. तहानेची वाट पाहायची नाही आणि बाटली रिकामीही करायची नाही.

१३ एप्रिल

क बसस्टँडवरून एनर्जी ड्रिंकचा डबा घेऊन आला. डब्यावरच बारीक अक्षरात लिहिलंय, मुलांसाठी नाही. त्यालाच मोठ्यानं वाचायला लावलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०११ मध्येच स्पष्ट सांगितलंय की मुलांच्या आहारात या पेयांना जागा नाही. कॅफीन, वर साखर. पटवर, म्हणजे चेंडू हळूच भोकात ढकलताना, हात थरथरला तर डबा आणून उपयोग काय?

ज च्या आईनं कौतुकानं 'ओआरएस' म्हणून फळांच्या चवीचं खोकं पाठवलं. जुनं, दुकानात पडून राहिलेलं असावं. अशा पेयांत साखर खऱ्या ओआरएसच्या कित्येक पट असते. हैदराबादच्या डॉ. शिवरंजनी संतोष या बालरोगतज्ज्ञांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं झगडा दिला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं आदेश काढला की सूत्रात न बसणाऱ्या पेयाच्या नावात ओआरएस हा शब्द नको. वहिनींना समजावून सांगितलं. त्यांनी खरं पाकीट मेडिकलमधून आणून ठेवलं, ते आता माझ्या पेटीत असतं.

१६ एप्रिल

आजची नोंद सगळ्यांत महत्त्वाची.

मुलींच्या बाटल्या पुन्हा जवळजवळ भरलेल्या परत आल्या. सरबत, पन्हं, ताक, सगळं करून झालं. मी जरा चढ्या आवाजातच बोललो. तिघी खाली मान घालून उभ्या. अंगणवाडीच्या ताई तिथूनच चालल्या होत्या, त्यांनी ऐकलं. मुली गेल्यावर जवळ येऊन म्हणाल्या, "सर, पोरी पानी काहाले पितीन? मंग जातीन कुठी?"

गायरानावर आडोसा नाही. मुलगे बाभळीमागे जातात. या तिघी पहाटे घरून निघतात त्या साडेनऊला घरी जाईपर्यंत कुठेच जाऊ शकत नाहीत. म्हणून आदल्या रात्रीपासूनच पाणी तोडतात. आठवीतल्या मुलीला हे सरांना सांगता येत नाही, आणि मला तीन आठवडे काटा, मिली आणि टक्के मोजून दिसलं नाही. शाळेतही याच कारणानं मुली दिवसभर पाणी टाळतात, हे ताईंनी पुढे सांगितलं. लघवी रोखून धरणं आणि पाणी कमी पिणं, दोन्हींनी मूत्रमार्गाच्या संसर्गाची वाट मोकळी होते. खेळ राहिला बाजूला.

रात्री भावाला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "भाऊ, मोठ्या कोर्सवर दर काही होलांनंतर बाथरूम असतं. मी रोज त्याच्या पुढून गेलो."

१९ एप्रिल, आखाजी (अक्षय्य तृतीया)

सराव नाही. लिंबाला झोके बांधलेत, माहेरवाशिणी आल्यात, घरोघर आमरस आणि खापरावरचे मांडे. च, छ, ज तिघी दिवसभर झोक्यावर. आजच्या ताटाचा हिशोब कुणी करू नये.

२२ एप्रिल

अंगणवाडीचं शौचालय पाचव्या झेंड्यापासून दोन मिनिटांवर आहे. ताईंनी पर्यवेक्षिकांना विचारून एक किल्ली दिली. किल्ली च च्या बॅगेच्या छोट्या कप्प्यात राहील. मला विचारायचं नाही, परवानगी मागायची नाही. पाचव्या झेंड्यानंतर सगळ्यांनाच दहा मिनिटं थांबा, म्हणजे मुली वेगळ्या दिसत नाहीत. पाण्याची बादली आणि साबण काकांच्या मोटारीवरून मुलगे भरून ठेवतात.

याच थांब्यात डबा. कळण्याच्या भाकरीचा रोल, आत गूळ-शेंगदाण्याचा कूट. ज्वारी आणि उडीद एकत्र दळल्यानं एकात कमी असलेलं लायसिन (प्रथिनांचा एक घटक) दुसऱ्यातून मिळतं. आमच्या आज्यांनी हे दळण कधीपासून चालवलंय. ठेचा मात्र खेळताना नको, छ नं खाऊन पाहिला आणि पुढचे दोन झेंडे पोट धरून गेली.

ताईंनी मुलींच्या रक्ताचाही विषय काढला. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी तिघी घेतात, पण जेवणावर लगेच चहा पितात. त्यानं लोह नीट लागत नाही. चहा आता तासभर पुढे.

२५ एप्रिल

च: पाणी ७०० मिली, तूट ०.७ टक्के. छ: ५५० मिली, तूट ०.६. ज: ६०० मिली, तूट ०.८. ३८ अंश असतानाही.

आठव्या झेंड्यावर च नं चेंडू ब्राऊनवर थांबवला. काही बोलली नाही, माझ्याकडे बघितलं फक्त.

२९ एप्रिल

आज चूक माझी. मोटारीची वीज गेली, ब्राऊनवर पाणी मारायला उशीर झाला, सराव सातला सुरू केला. न करता परत पाठवायला हवं होतं. नऊ वाजून वीस मिनिटांनी सातव्या झेंड्यावर ग खाली बसला. चक्कर, मळमळ, अंग घामानं निथळत, चेहरा पांढराफटक. हवेचं तापमान ४१.

लिंबाखाली आडवं केलं, पाय उंच, शर्ट सैल. ओला पंचा मानेवर, काखेत, जांघेत, आणि क पुठ्ठ्यानं वारा घालत होता. नाव, वार, आईचा फोन नंबर विचारला, सगळं नीट सांगितलं. मग सरबत घोट-घोट. वीस मिनिटांत उठून बसला. बोलणं बरळल्यासारखं असतं किंवा अंग तापून शुद्ध हरपत चालली असती तर १०८ ला फोन आणि गाडी येईस्तोवर अंगावर पाणी ओतत राहायचं, तोंडात काही घालायचं नाही. हे सहाही पोरांना तिथेच शिकवलं.

त्याच्या खिशात आजीनं ठेवलेला कांदा होता. राहू दे. आजीची माया आहे ती. पण आज सकाळी घाईत केळं खायचं राहिलं होतं आणि बाटली घरीच विसरली होती.

नवा नियम: पहाटे पावणेसहाला सुरू, साडेआठला झेंडे खाली. वीज असो नसो.

५ मे

१८ ची रंगीत तालीम, नवाच्या दोन फेऱ्या. सकाळी नऊ झेंडे, संध्याकाळी साडेपाचनंतर नऊ. भर उन्हात सलग खेळवायचं नाही हे ठरलेलं. वजनाची तूट सगळ्यांची एक टक्क्याच्या आत. संध्याकाळी घरी खिचडी-कढी, वर दही-केळं.

१२ मे, पुणे

भुसावळहून रात्रीची गाडी. प्रवासात पोरं पाणी पीत नाहीत असं दिसलं, म्हणून डब्याच्या दारापाशी उभं राहून दोन वेळा बाटल्या तपासल्या. फलाटावरचं तळलेलं काही नाही, घरची दशमी आणि शेंगदाण्याची चटणी.

साडेसहाला पहिल्या टीवर, म्हणजे होल जिथून सुरू होतो त्या जागी. हिरवळ बघून छ नं चप्पल काढून पाय ठेवला. नियमानं १४ क्लब नेता येतात, आमच्या बॅगेत सात-सातच, तेवढंच ओझं कमी. चौथ्या आणि तेराव्याला अर्धं-अर्धं केळं, सातव्याला खारे दाणे-फुटाणे, नवव्यानंतर भाकरीचा रोल, सोळाव्याला गुळाचा खडा. प्रत्येक टीवर वाट बघताना चार घोट.

चालताना त्यांना आपली गोल्फपटू अदिती अशोकची गोष्ट सांगितली. टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली, एका फटक्यानं पदक हुकलं, आणि तिची बॅग उचलायला तिची आई होती. त्याच स्पर्धेत उन्हानं एका मोठ्या खेळाडूच्या कॅडीला पहिल्याच दिवशी मैदान सोडावं लागलं. ज म्हणाली, "म्हणजे कॅडीनंपण प्यायला पाहिजे." माझ्या भावाच्या हातात बाटली देऊन ती पुढे गेली.

चार तास पन्नास मिनिटं. च चे पहिल्या तीन होलांचे फटके ६, ६, ५. शेवटच्या तिनांचे ६, ५, ६.

१६ मे

ग्रामपंचायतीला अर्ज दिला. गायरानावर मुला-मुलींसाठी दोन शौचालयं आणि एक नळ. सोबत वहीतल्या २ एप्रिल आणि २५ एप्रिलच्या नोंदींची नक्कल जोडली. च, छ, ज आणि ताईंच्या सह्या वर, माझी खाली.

पुण्याला प्रत्येकाकडे एक कार्ड दिलं होतं, पाणी आणि खाण्याच्या नोंदीसाठी. मी दोनच रकाने आखले होते. च चं कार्ड आज परत आलं. तिनं पट्टीनं तिसरा रकाना आखलाय, वर लिहिलंय 'बाथरूम'. खाली: सहाव्या होलनंतर एकदा, बाराव्यानंतर एकदा. पाणी १४०० मिली.